गोदामातलं जहाज

दिवाळीचं शिवणकाम संपलं होतं आणि लग्नसराईचं अजून सुरू व्हायचं होतं. त्या मधल्या रिकाम्या दिवसांत एक म्हातारा माणूस माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. उंच, पांढरी दाढी बारीक कापलेली, पायात काळे बूट. आमच्या गावात त्या वयाची माणसं बूट घालत नाहीत, म्हणून माझं लक्ष आधी बुटांकडेच गेलं.

त्यानं पिशवीतून मोठा कागद काढून माझ्या कापायच्या टेबलावर पसरला. कागदावर आकार काढलेले होते. काही चौकोनी, वर अरुंद आणि खाली रुंद, तर काही तिकोनी. प्रत्येकावर इंचात मापं लिहिलेली.

"पडदे आहेत का?" मी विचारलं.

"शिडं आहेत. पंधरा. कोरा मांजरपाट मी आणून देईन. पण कापड इथं ठेवायचं नाही. मशीन घेऊन तुम्ही माझ्याकडे यायचं. तलावाच्या पाळीवरच्या गोदामात."

"कशाची शिडं?"

"जहाजाची," तो म्हणाला.

आमचं गाव अर्जुनी मोरगावपासून सायकलच्या अंतरावर आहे. समुद्र इथल्या माणसांनी मोबाइलवरच पाहिलेला. मी त्याला उद्या सांगते म्हणाले आणि दुकान लवकर बंद करून घरी गेले.

माझा नवरा जाळं दुरुस्त करत अंगणात बसला होता. आमचं घर ढिवरांचं, मासेमारांचं. तलाव फार जुना, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला. त्याचं पाणी शेतकऱ्यांच्या धानाला जातं आणि मासोळी आमच्या मच्छीमार संस्थेची. नवरा त्या संस्थेच्या कमिटीत होता. मी जहाजाचं सांगितलं, तसा त्याचा हात थांबला.

"तलावाच्या पारीवरचं गोदाम काऊन घेतलं त्यानं, आता समजलं," तो म्हणाला. "बोटिंग सुरू करून राहिला तो."

हे त्याच्या डोक्यात उगाच आलं नव्हतं. दुसऱ्या एका तलावावर असंच झालं होतं. आधी एक रंगीत बोट आली, मग तिकिटाची खिडकी आली, मग एका बाजूला जाळी टाकायची नाही असा फलक लागला. तिथले ढिवर अजून अर्ज घेऊन फिरत होते.

त्या म्हाताऱ्याबद्दलही कुणाला नीट माहिती नव्हती. तो याच गावात जन्मला होता, सोळाव्या वर्षी घर सोडून मुंबईला गेला, गोदीत जहाजांच्या दुरुस्तीवर लागला आणि तिथेच म्हातारा झाला, एवढं जुनी माणसं सांगत. आईच्या तेराव्यालासुद्धा तो आला नव्हता. आता बायको वारली, मुलगी परदेशी गेली, म्हणून परत आलो असं तो म्हणायचा. गोदाम भाड्यानं घेऊन त्यानं समोरचं शटर आतून बंद ठेवलं होतं. गावात सगळे त्याला बाबाजी म्हणायचे, पण त्याच्या पाठीमागे विचारायचे, इतकी वर्षं आला नाही, आता कायले आला?

"तू जा कामावर," नवरा म्हणाला. "पाह्य तं खरं काय करून राहिला."

म्हणजे मी शिडं शिवायला गेले ती हेर म्हणूनच. हे मी पुढे बरेच दिवस स्वतःशी कबूल केलं नाही.

गोदामात पाऊल टाकलं तेव्हा सागवानाचा वास आला आणि समोर ते जहाज होतं. अठरा फूट लांब, लाकडी घोड्यांवर उभं. फळ्या बाहेरून वाकवून एकीवर एक घट्ट बसवलेल्या. तीन डोलकाठ्या अजून जमिनीवर आडव्या होत्या. कंपनी सरकारच्या काळात मुंबईत अशी जहाजं बांधायचे, त्यातल्या एकाची ही लहान प्रत, असं बाबाजींनी सांगितलं. त्यांच्या गोदीतल्या नकाशाच्या खोलीत त्या जहाजाचं चित्र भिंतीवर होतं.

"चाळीस वर्षं ते चित्र पाहिलं. सगळे म्हणायचे इंग्रजांचं जहाज. बांधलं कुणी? इथल्याच सुतारांनी. ते कुणी विचारत नाही. जानेवारीत शाळेच्या मैदानावर ठेवणार आहे, तीन दिवस. लोकांनी पाहावं."

"फक्त पाहायला?"

"फक्त पाहायला."

एवढा खटाटोप कुणी नुसतं दाखवायला करतो, हे मला पटलं नाही.

गोदामात आणखी एकच माणूस होता, मिस्त्री. सालेकशाकडचा गोंड सुतार, पन्नाशीचा. बैलगाड्या, दारं, देवळाचे खांब करणारा. जहाज त्यानंही कधी पाहिलं नव्हतं, पण बाबाजी कागदावर रेघ काढायचे आणि हा लाकडातून ती बाहेर काढायचा. दिवसभरात दहा वाक्यंही बोलायचा नाही. तो गोदामामागच्याच खोलीत राहायचा.

मी कोपऱ्यात मशीन मांडलं आणि काम सुरू केलं. दुहेरी शिवण, कडेला दोरी आत घालून हातशिलाई. पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट दिसली. संध्याकाळी मी निघायला लागले की बाबाजी उरलेल्या मांजरपाटाच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण करायचे. सकाळी मी कापडाला हात लावायच्या आत ते ती खूण तपासायचे. वीस वर्षं मी लोकांची कापडं कापते आहे. कुणाची वीतभर चिंधी ठेवून घेतली नाही. मला राग आला, पण मी गप्प राहिले, कारण मी काय करत होते ते मला माहीत होतं. ते माझ्यावर नजर ठेवत होते आणि मी त्यांच्यावर.

घरी गेले की नवरा विचारायचा आणि मी सांगायचे. इंजिन दिसलं नाही. खुर्च्या नाहीत. फोनवर हिंदीत बोलतात. एक दिवस ते फोनवर म्हणाले, "परमिशन मिल जाएगी, साहब से बात हो गई है." तो शब्द मी घरी नेला. नवरा रात्रीचं जेवण अर्धं टाकून कमिटीच्या दोघांकडे गेला.

दुसरी गोष्ट अधिक वाईट होती. जहाजाच्या पोटात, अगदी तळाशी, एक कप्पा होता. मी कामावर जायच्या आधीच तो फळीनं बंद करून पितळी स्क्रू मारलेले होते. मी एकदा वर चढून आत डोकावले तर बाबाजी चटकन म्हणाले, "बाई, तिथं पाय देऊ नका. ती फळी बंद आहे." एवढंच. पण ज्या घाईनं म्हणाले ती घाई माझ्या लक्षात राहिली.

"तिथंच असंन," नवरा म्हणाला. "मोटर बसवाची जागा. खालीच बसवतेत."

डिसेंबरात एका सकाळी बाबाजी दोर आणि लहान पितळी कप्प्या आणायला पॅसेंजरनं गोंदियाला गेले. संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. दुपारी मिस्त्री भाकर खायला त्याच्या खोलीत गेला. तलावाकडच्या मागच्या दारानं नवरा आत आला. आम्ही असं काही ठरवलं नव्हतं, असं मी आज म्हणू शकत नाही. दाराची कडी मीच आतून काढून ठेवली होती.

त्यानं मिस्त्रीचीच पटाशी उचलली. स्क्रू निघेनात, म्हणून त्यानं फळीच्या फटीत पटाशी घालून दाबली. फळी मधोमध तडकली. तो आवाज मला अजून आठवतो. मग तिचा अर्धा भाग वर आला.

आत पेंढा होता. धानाची साधी तणस. ती बाजूला केली तर खाली दगड. नाल्यातले गोल, धुऊन स्वच्छ केलेले, एकाशेजारी एक, हलणार नाहीत असे तणशीत रुतवलेले. नवऱ्यानं कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. सगळीकडे दगडच.

"दगड," तो म्हणाला.

"दुसरं काही?"

"नाही व. दगडच आहेत."

मला वाटलं होतं, काही निघालं नाही तर मला बरं वाटेल. तसं वाटलं नाही. आम्ही फळी परत बसवली, पण तडा स्पष्ट दिसत होता आणि पटाशीच्या धारेची खूण लाकडात उमटली होती. मिस्त्रीचं दार वाजलं, तसा नवरा मागच्या दारानं निघून गेला. मी मशीनवर बसून चाक फिरवलं. सुईत दोरा नव्हता, हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

बाबाजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाहिलं. ते जहाजाच्या आत बराच वेळ वाकून बसले होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पटाशी होती. त्यांनी तिची धार फळीवरच्या खुणेला लावून पाहिली होती.

"मिस्त्री, ही तुमची ना?"

"होय."

"फळी कुणी उघडली?"

"मले माहीत नाही."

"काल दिवसभर इथं तुम्ही होतात."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. मी मान खाली घालून शिडाच्या कडेला टाके घालत होते. बाबाजींनी मलाही विचारलं, "बाई, तुम्ही काही पाहिलं?" मी नाही म्हणाले.

मिस्त्रीनं हातातला रंधा खाली ठेवला. मग म्हणाला, "फळी मीच बसवली होती. मले पाह्याची असती तं मी स्क्रू काढून पाह्यली असती. लाकूड काऊन फोडलं असतं मी?"

हा मुद्दा इतका सरळ होता की मला वाटलं, बाबाजींना पटेल. पण त्यांच्या मनात एकदा आलेलं ते जाईना. ते म्हणाले, "मग सांगा ना कुणी फोडली." मिस्त्रीनं रंधा, करवत, वाकस एकेक करून गोणपाटात गुंडाळले. पटाशी मात्र बाबाजींच्या हातातून मागून घेतली नाही. तो बसस्टँडकडे चालत गेला, आणि मी दारातून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले.

पुढचे दोन दिवस गोदामात मी आणि बाबाजी दोघंच होतो. ते स्वतः डोलकाठ्या बसवायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "चोरी काही केली नाही त्यानं. पण खोटं बोलला. त्याचं वाईट वाटतं."

मी सुई कापडात टोचून ठेवली.

"खोटं तो नाही बोलला. मी बोलले. फळी माझ्या नवऱ्यानं उघडली. दार मी उघडून दिलं."

ते जहाजाला टेकून उभे होते, तसेच खाली बसले. मग त्यांच्या तोंडून आमची बोली आली, जी मी आधी कधी त्यांच्याकडून ऐकली नव्हती. "कायले उघडलं?"

मी सगळं सांगितलं. तलाव, संस्था, दुसऱ्या गावची बोट, फोनवर ऐकलेलं ते परमिशन. ते शाळेच्या मैदानाच्या परवानगीबद्दल बोलत होते, हे तेव्हा कळलं. दगड कशाला, हेही मी विचारलं. आता विचारायला लाजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"डोलकाठ्या चढल्या की वरचा भाग जड होतो. तळाला वजन नसेल तर ट्रॉलीवरच आडवं होईल. जहाजाला भार लागतोच." ते पुढे म्हणाले, "आणि खरं सांगू का? एकदा, फक्त एकदा, पाण्यावर ठेवून पाहावं असं मनात होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. लोक हसतील म्हणून."

म्हणजे नवरा पूर्ण चुकला नव्हता. हे ऐकून मला थोडा आधार वाटला आणि त्या आधाराची लगेच लाजही वाटली.

"कापडावर तुम्ही खुणा करता, ते मी पाहिलंय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "गोदीतली सवय. तिथं सुटताना आमचे डबेसुद्धा उघडून पाहायचे. तेच करत राहिलो." मग म्हणाले, "त्याचं घर माहीत आहे तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सालेकशाला गेलो. आधी गोंदियाला, तिथं गाडी बदलून पुढे. नवऱ्याला मी सोबत चला म्हणाले होते. तो म्हणाला, "मी कोनत्या तोंडानं येऊ?" आणि जाळं घेऊन निघून गेला. मिस्त्रीचं घर स्टेशनपासून दूर, जंगलाच्या कडेला होतं; विचारत विचारत पोचलो. त्याच्या बायकोनं बसायला बाज टाकली, पाणी दिलं. मिस्त्री वाड्यात कुंपणाचे बांबू चिरत होता. तो काम थांबवून आला नाही, म्हणून आम्हीच तिथं गेलो.

मी झालं ते सांगितलं. बाबाजी म्हणाले, "माझं चुकलं. परत या."

त्यानं बांबू चिरून संपवला. "तुमच्या मनात आलं ना एकदा. आलं तं आलं."

"हो, आलं."

"ह्या बाईच्या मनात नाही आलं माह्याबद्दल काही. तिले माहीत होतं. तरी चूप राह्यली."

त्याच्या बायकोनं आम्हाला जेवू घातलं. तो आमच्यासोबत जेवला नाही.

आम्ही परतलो त्याच्या पाचव्या दिवशी तो गोदामात हजर झाला. गोणपाट सोडलं, पटाशी कुठं आहे विचारलं आणि कामाला लागला. बाबाजींशी कामापुरतं बोलायचा, माझ्याशी तेवढंही नाही. तडकलेली फळी त्यानं काढून टाकली आणि तिथं नवी बसवली, पण स्क्रू मारले नाहीत. एका बाजूला बिजागरी लावली, दुसऱ्या बाजूला लाकडी मूठ.

"हे काय?" बाबाजींनी विचारलं.

"झाकण," तो म्हणाला. "ज्याले पाह्याचं त्यानं उघडून पाह्यावं."

जानेवारीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून जहाज शाळेत गेलं. शिडं मी चढवली. पंधराही शिडं दोरांना ताणून बांधली आणि मागे येऊन पाहिलं, तेव्हा इतके दिवस ज्याच्याकडे मी चोरून पाहत होते ते पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी पाहिलं. सुंदर होतं. माझ्या हातचं त्यात एवढं काही आहे, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

आजूबाजूच्या गावांतून लोक आले. बाबाजी प्रत्येकाला सुतारांबद्दल सांगायचे, पण लोकांचं लक्ष त्या झाकणाकडे. माणसं शिडीवरून चढून मूठ धरून उचलायची, दगड पाहायची, एकमेकांकडे पाहायची. "याच्या खाली काय आहे?" असं मला चौघांनी तरी विचारलं. एकानं दगड उचलून खाली चाचपून पाहिलं. जहाज अठरा फूट लांब, त्यात सगळं दिसण्यासारखं, तरी दाखवणाऱ्याचा काहीतरी डाव असणार, हे प्रत्येक जण घरूनच ठरवून आला होता. मी कुणाला हसले नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे म्हणून एक साहेब आले. त्यांनी जहाजाचं कौतुक केलं आणि भाषणात म्हणाले, इतका सुंदर तलाव तुमच्या गावाला आहे, या जहाजाच्या निमित्तानं तिथं बोटिंग का सुरू करू नये? पर्यटक नागझिऱ्याच्या अभयारण्यात येतातच, ते इकडेही येतील. पुढच्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे उभे असलेले ढिवर एकदम गप्प झाले. नवऱ्यानं गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'मी सांगितलं होतं की नाही?' एवढंच होतं.

मी बाबाजींकडे पाहिलं. मला त्या क्षणी पुन्हा वाटलं की यांना हे आधीपासून माहीत होतं. दगड, गोदीतलं चित्र, सालेकशाचा प्रवास, सगळं पाहूनही वाटलं.

भाषण संपल्यावर बाबाजी उठले. माईक घेतला नाही. साहेबांसमोर जाऊन, जवळच्यांना ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाले, "साहेब, हे जहाज पाण्यात जाणार नाही. मी ते शाळेला दिलंय."

मुख्याध्यापक चकित झाले, कारण त्यांनाही ते तेव्हाच कळलं. साहेब हसून काहीतरी बोलले आणि चहाला गेले. तिसऱ्या दिवशी प्रदर्शन संपल्यावर मिस्त्रीनं शाळेच्या उंच पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटचा ओटा करवून घेतला आणि तो वाळल्यावर घोड्यांना लोखंडी बोल्ट मारून जहाज त्यावर पक्कं केलं. बाबाजी बाजूला उभे राहून पाहत होते. शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा ते बाहेर मैदानात निघून गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही. ते पाण्यावर ठेवून पाहायचं राहिलं, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि मी ते नवऱ्याला कधी सांगितलं नाही.

मिस्त्री त्याच संध्याकाळी गावाकडे गेला. जाताना बाबाजींच्या पाया पडला. मला म्हणाला, "शिडं चांगली झाली." त्यानंतर तो आमच्या गावात आला नाही.

तलावावर बोट अजून आलेली नाही. नवरा प्रत्येक बैठकीत तो विषय काढतो आणि कमिटीचे लोक त्याला कंटाळले आहेत. बाबाजी गोदाम सोडून गावातल्या एका खोलीत राहतात आणि सकाळी तलावाच्या पाळीवर येऊन बसतात. मागच्या उन्हाळ्यात नवऱ्यानं त्यांना एकदा डोंग्यात बसवून तलावात नेलं. स्वतःहून नेलं, मी काही म्हणाले नव्हते. मी काठावरून पाहत होते. चाळीस वर्षं जहाजांत काम केलेला माणूस दोन्ही हातांनी डोंग्याच्या कडा धरून ताठ बसला होता. त्यांना पोहता येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

परत आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, काय म्हणाले?

"काही नाही बोलले," तो म्हणाला. "मधात गेल्यावर एवढंच विचारलं, इथं पानी किती खोल आहे."

तो पाय धुऊन ओसरीवर बसला, आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "कायले विचारलं असंन पण?"